टेकडीवरचा सराव: मुलींची हाडं आणि माळाची माती, दोन्ही कशी राखायची?

पायवाट

सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, नाशिकची संजीवनी जाधव. लांब पल्ल्याच्या धावण्यात महाराष्ट्राच्या मुलींनी नाव काढलं, त्यामागे सिंथेटिक ट्रॅक कमी आणि माळ, टेकडी, घाटरस्ता जास्त आहे. आजही तालुक्याच्या बहुतेक गावांत पहाटे साडेपाचला मुली गावामागच्या टेकडीवरच धावताना दिसतात.

या मुलींबद्दल आणि त्या टेकडीबद्दल आपण एकच वाक्य बोलतो: "काटक आहे, काही होत नाही." मुलगी दुखणं अंगावर काढून धावते, त्याचं कौतुक होतं. टेकडी वणव्यात जळली तरी जूनमध्ये परत हिरवी होते, म्हणून तिच्यावरून ट्रक गेले काय आणि तिचा मुरूम उचलला काय, कुणाला फरक पडत नाही. माझं म्हणणं असं की दोघींच्या सोसण्याला हद्द आहे आणि ती बऱ्यापैकी मोजता येते. हद्द ओलांडली की लगेच काही दिसत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

१४ ते १८ वयाच्या मुलींचे गट चालवणाऱ्यांसाठी हा धागा आहे. चढ किती असावा, जमीन कुठली, कुठल्या महिन्यात कुठे पाऊल ठेवू नये, मुलीच्या शरीरातला बिघाड लवकर कसा ओळखायचा, हे जाणकारांनी आकड्यांसह लिहावं. "जिद्द हवी" एवढाच प्रतिसाद नको. जिद्द या मुलींकडे आहेच.

---

शिट्टी

चढापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. गावात सगळ्यांत उभी टेकडी असेल ती निवडली जाते. मध्यम आणि लांब पल्ल्यासाठी १०० मीटरला ५ ते ८ मीटर चढ पुरतो. त्यापुढे धावण्याची ढब मोडते, मुलगी कमरेत वाकते, टाच टेकत नाही आणि सगळा भार पोटरीवर व टाचेमागच्या अकिलीसच्या शिरेवर येतो.

चढ मोजायला मोबाइल नको. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, १२ मीटरची. पाणी भरा, दोघांनी १० मीटर अंतरावर दोन टोकं धरा. खालच्या टोकाला पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, वरच्या टोकाला तेच मोजा आणि वजाबाकी करा. १० मीटरला ६० सेंटिमीटर फरक आला म्हणजे ६ टक्के. असे दहा टप्पे मोजून बेरीज केली की पूर्ण पट्टा कळतो.

सराव असा: १५ मिनिटं हळू धावणं, गुडघे उचलणं वगैरे कवायत, मग ४५ सेकंदांचे ६ चढ. किमान वर्षभर नियमित धावणाऱ्या मुलीसाठीच हे आहे. दर आठवड्याला एक चढ वाढवा, १० वर थांबा. चौथ्या आठवड्यात निम्मे करा. आठवड्यात एकच दिवस, फार तर दोन, आणि मध्ये तीन दिवसांचं अंतर. शेवटचा चढ पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून हळू झाला की त्या दिवशी बंद. "अजून एक मार" म्हणायचा मोह तेव्हाच होतो आणि दुखापतही तेव्हाच होते.

उतारावर धावायचं नाही, चालत यायचं. चढताना पावलाचा आघात सपाटीपेक्षा कमी असतो. उतरताना ब्रेक लावत यावं लागतं, तो मार थेट नडगी आणि गुडघ्यावर बसतो. मांडीचे स्नायू ताणले जात असताना काम करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

---

कुसळी

शिट्टी सर, तुम्ही उताराबद्दल लिहिलंत ते जमिनीलाही तंतोतंत लागू आहे. मुरमाड टेकडीवर चढणाऱ्या पावलाने फारशी माती सुटत नाही. उतरणारी टाच वरचा थर खरवडते, खडी सैल करते आणि पहिल्या मोठ्या पावसात ती वाहून जाते. १० ते १२ टक्क्यांपेक्षा उभी, सरळ खाली येणारी पायवाट दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होते. मग त्यात चालता येत नाही म्हणून लोक शेजारून जातात आणि दुसरा ओघळ तयार होतो. म्हणजे नडगी वाचवायला जो लांबचा, सौम्य उताराचा रस्ता धरायचा, तोच टेकडीही वाचवतो.

आता गवताचं. आपल्या कोरड्या टेकड्यांवर कुसळी, पवना, मारवेल ही मूळची गवतं आहेत. कुसळीच्या बीला लांब पीळदार कूस असते. ती ओलाव्याने उलगडते, सुकली की परत पीळ घेते आणि बी स्वतःच जमिनीत शिरतं. गवताच्या वणव्याची आच जमिनीत फार खोल जात नाही, सेंटिमीटरभर खाली गेलेलं बी बहुधा वाचतं. बहुवर्षायू गवतांची खोडकीही जिवंत राहतात. "जळली तरी हिरवी होते" त्यामागे हे आहे.

पण चाकांनी आणि रोजच्या गर्दीने जमीन घट्ट झाली की कूस कितीही फिरली तरी बी आत जात नाही. ते वर राहतं आणि जळतं. पाणी मुरत नाही, वरून पळतं. दरवर्षी वणवा आणि वर दाबलेली माती, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गवत जाऊन तरवड, घाणेरी आणि उघडी खडी उरते. नुसत्या वणव्याने हे इतक्या लवकर होत नाही.

---

नाशिककर८०

धागा चांगला आहे, पण मतभेद नोंदवतो. कविता राऊत लहानपणी डोंगरातून पाणी आणायची, अनवाणी पळायची. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्यासाठी कुणी लेव्हल पाईप घेऊन चढ मोजला होता? हालअपेष्टांतूनच खेळाडू घडतो. इतकं जपायला लागलो तर मुली कणखर होणार नाहीत.

---

वैद्यबाई

नाशिककर, पोहोचलेल्या मुली आपल्याला दिसतात. त्याच वाटेवर नडगीचं हाड चिरून किंवा पाळी थांबून सोळाव्या वर्षी शाळेतूनच खेळ सोडलेल्या मुलींची कुठे नोंद नसते. कष्टाने शरीर घडतं हे खरं आहे, पण ते कष्टानंतरच्या जेवणात आणि झोपेत घडतं.

थोडा हिशेब देते. ४५ किलो वजनाच्या मुलीचं चरबी वगळून वजन साधारण ३७ किलो. शरीराची सगळी कामं नीट चालायला, व्यायामाचा खर्च वजा जाऊन, या प्रत्येक किलोमागे दिवसाला ४५ कॅलरी उरायला हव्यात. म्हणजे १,६६५. धावण्याचा खर्च किलोमीटरला साधारण वजनाइतक्या कॅलरी, म्हणून १० किलोमीटरला ४५०. एकूण २,१०० च्या पुढे, आणि वाढीचं वय असेल तर त्याहून थोडं जास्तच. हेच उरणं प्रत्येक किलोमागे ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली काटकसर पाळीवर आणि हाडांवर होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट असं एकत्र नाव दिलं. त्याआधी ऊर्जा, पाळी, हाडं असं त्रिकूट म्हणून ते शिकवलं जायचं.

६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण २०० कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७०. सकाळी चहा-बिस्किटावर धावून, डब्यात दोन पोळ्या आणि रात्री एक भाकरी खाणारी मुलगी हा हिशेब कधीच गाठत नाही. ती हट्टाने धावत राहते, आणि पहिले तीन-चार महिने वेळ सुधारतेसुद्धा, कारण वजन उतरलेलं असतं. प्रशिक्षक खूश असतात. मग नडगी दुखायला लागते.

---

चैत्रपालवी

भाकरीचा हिशेब कॅलरीत वाचून आनंद झाला. घरातल्या आज्या "अजून एक घे" म्हणतात, त्यांच्या बाजूने शेवटी शास्त्र उभं राहिलं 🙂

वैद्यबाई, नडगी दुखणं साधं आहे की हाडाचं, हे घरी कसं ओळखायचं?

---

वैद्यबाई

@चैत्रपालवी, बोटाने नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाची सूज आहे. भार निम्मा करून ती बसते. एका बोटाखाली नेमकं दुखत असेल, त्या पायावर एकदा उडी मारली की कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला चीर गेली असं समजून धावणं त्याच दिवशी बंद करा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. "एक्स-रेत काही नाही" म्हणून परत मैदानात उतरवणं ही नेहमीची चूक आहे. नडगीच्या मागच्या-आतल्या बाजूची चीर सहा ते आठ आठवड्यांत भरते. जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते, आणि ते हाड सरकलं तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

---

घाटमाथा

सुंदर चर्चा. टेकडीचं ऋण फेडायचं असेल तर एक सोपा उपाय सुचवतो. गटातल्या प्रत्येक मुलीने पावसाळ्यात टेकडीवर पाच झाडं लावावीत आणि रोज धावायला जाताना एक बाटली पाणी घालावं. टेकडी दोन-चार वर्षांत हिरवी होईल.

---

कुसळी

घाटमाथा, हेतू मनापासूनचा आहे हे कळतं, म्हणूनच सविस्तर लिहितो. कृपया सरसकट असं करू नका.

उघडा माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. विरळ झाडं आणि मध्ये गवत, हीच कोरड्या टेकड्यांची मूळ रचना आहे. तिथली झाडंही ठरलेली: सालई, मोई, धावडा, खैर, गणेर, मेडशिंगी. गवताळ माळावर दीड-दीड फुटांचे खड्डे आणि सलग चर खणले की मुळांची जाळी तुटते, खालचा मुरूम वर येतो आणि त्यावर पहिलं तणच उगवतं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. ते परदेशी झाड लवकर वाढतं, गुरं फारसं खात नाहीत, म्हणून वृक्षारोपणाच्या आकड्यांसाठी सोयीचं. त्याच्या सावलीत गवत उरत नाही, आणि गवत नाही म्हणून तित्तर, लावे, चंडोल नाहीत.

टेकडीसाठी गटाला काही करायचंच असेल तर ओघळ झालेल्या वाटेवर दगडी आडबांध घाला. वाटेला काटकोनात नको, काटकोनापासून साधारण ३० अंश तिरका, म्हणजे पाणी अडून न साचता बाजूच्या गवतात उतरतं. उभ्या वाटेवर दर ८ ते १० मीटरला एक. दगड ओघळातलेच सुटलेले घ्या, गवतातले उपटू नका. जानेवारी-फेब्रुवारीत वन विभाग जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, तेव्हा विचारून हातभार लावा. वाळलेलं गवत पेटण्याआधी केलेलं हे एक काम शंभर रोपांपेक्षा मोलाचं आहे.

---

माणदेशी

कुसळींना +१.

एक मोठी गोष्ट राहतेय. मुलींच्या पायांनी टेकडीचं होणारं नुकसान टेकडीवर चालणाऱ्या जेसीबीच्या शतांशही नाही. सरकारी कागदावर माळ "पडीक" असतो, म्हणून रस्त्याचं काम निघालं की मुरूम माळाचा. भरावासाठी टेकडीचा पायथा कापला की वरचा उतार आधार सोडतो आणि पुढची दहा वर्षं ढासळत राहतो. गवत परत येईल म्हणणाऱ्यांनी कापलेल्या मुरुमाच्या भिंतीवर गवत उगवलेलं दाखवावं. पाच-दहा सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि ती एका सकाळी ट्रकमध्ये जाते.

शहरांत नियम आहेत. १:५ पेक्षा, म्हणजे पाच मीटरला एक मीटर चढापेक्षा, उभ्या उतारावर बांधकामाला मनाई आहे. पुण्यात समाविष्ट २३ गावांमधल्या टेकड्यांची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित आहे. तरी वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नागरिकांना वर्षानुवर्षं उभं राहावं लागलं. तालुक्याच्या गावी तर विचारणाराच नसतो. म्हणून गट चालवणाऱ्यांनी एक करावं: सरावाची टेकडी गायरान आहे, वनजमीन आहे की खाजगी, ते सातबारावर बघून ठेवावं. गायरान असेल तर ग्रामसभेत सरावाची वाट आणि माळ यांची नोंद करून घ्यावी. मुरूम उपशाचा अर्ज येतो तेव्हा "इथे काहीच नाही" असं कुणाला म्हणता येऊ नये.

---

कातळसडा

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचं थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

आमच्याकडे टेकडीऐवजी सडा असतो, जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात तिथे तव्यासारखा काळा कातळ दिसतो आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं इथे जीव नाही. पावसाचे चार महिने त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी, तेरडा. काही झाडं पूर्ण वाळून महिनोन्‌महिने पडून राहतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत परत हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. डबक्यांमधली परी-कोळंबी मरण्याआधी चिखलात अंडी टाकते आणि ती अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

इतकं सगळं सोसणारा सडा कशाने मरतो? सुरुंग लावून, ब्रेकरने फोडून, दुसरीकडची माती आणून भरली आणि आंब्याची कलमं लावली की मरतो. चिरेखाणीने मरतो. वाळलेल्या डबक्यातून गाडी गेली तरी मरतो, कारण ती अंडी त्याच बोटभर चिखलात असतात. उन्हात वाळणं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, टायर ठाऊक नाही. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पंही याच सड्यांवर आहेत.

धावणाऱ्यांसाठी: सड्यावर गुरांची आणि माणसांची मुरलेली पाणंद असते, तीच धरा. दगड उलटे करून निशाणी लावू नका. दगडाखाली फुरसं असतं, आणि त्याच दगडाखाली पाली, विंचू, बेडकांचंही घर असतं. जून ते नोव्हेंबर वाट सोडून एकही पाऊल नको.

---

शिट्टी

कातळसडा यांनी महिने दिले ते घाटमाथ्यावरच्या सड्यांनाही लागू आहेत का? साताऱ्याकडचे बरेच गट यवतेश्वर-कास रस्त्यावर सराव करतात.

---

कुसळी

हो, लागू आहेत. कासला साधारण ८५० वनस्पती नोंदलेल्या आहेत आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. माती काही ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरच. जूनमध्ये रुजवा, ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पडतं. लोक फुलांच्या काळात सांभाळून चालतात, फुलं संपली की वाट सोडून फिरतात. बी धरण्याचा काळ तेव्हाच असतो. डांबरी रस्त्यावर धावण्याने पठाराला काही होत नाही. सातारा हिल मॅरेथॉनसुद्धा रस्त्यावरूनच जाते. सोबतच्या गाड्या पठारावर चढवून लावल्या तर होतं. म्हणून गाडी यवतेश्वरला ठेवायची आणि पुढे पायी, एवढं पुरे.

गुरांबद्दल मात्र वेगळं मत आहे. कुंपणाने चराई पूर्ण थांबली की उंच गवत वाढून लहान फुलांना झाकतं. माफक चराई तिथल्या रचनेचा भाग आहे. सगळं बंद करा म्हणजे निसर्ग सुखी, असं सरळ नसतं.

---

नाशिककर८०

वैद्यबाईंचा पोहोचलेल्या मुलींचा मुद्दा मान्य. पण एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. जिल्हा आणि विभागीय स्पर्धा ओळीने येतात. मुलीला नोकरी, क्रीडा कोट्यातले गुण, घरच्यांचा विश्वास, सगळं एका शर्यतीवर असतं. ती स्वतःच थांबायला तयार नसते. तिला थांबवणं म्हणजे तिची जिद्द मोडणं असं घरच्यांना वाटतं. तिथे काय करायचं?

---

शिट्टी

नाशिककर, प्रश्न खरा आहे. तिला पुढचा आकडा दाखवायचा. ललिता बाबरचंच बघा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या शर्यतीला) कांस्य, वेळ ९ मिनिटं ३५ सेकंद. २०१५ ला वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, ९:३४. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७. २०१६ ला रिओच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला. त्याआधी मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात तीनदा पहिली आलेली मुलगी, म्हणजे वर्षांचा पाया तयार होता. पाया तयार असूनही पंधरा-सोळा सेकंद कमी करायला दोन वर्षं लागली. सोळाव्या वर्षी एका मोसमात सगळं मिळवायची घाई झालेल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना या वेळा कागदावर लिहून दाखवाव्यात.

स्टीपलचेसमध्ये मुलींसाठी अडथळा ७६.२ सेंटिमीटरचा, एकूण २८ साधे आणि ७ पाण्याचे. गावाकडे सरावाला भक्कम लाकडी ओंडका चालतो, पण त्याची वरची बाजू सपाट आणि १२ ते १३ सेंटिमीटर रुंद हवी, गोल नको. पाण्याच्या खड्ड्याऐवजी वाळूचा खड्डा. उतरताना एका पायावर, पुढे झुकून. दोन्ही पायांवर धप्पकन उतरायची सवय लागली की ती जात नाही आणि दर फेरीत सेकंद खाते.

---

वैद्यबाई

नाशिककरांच्या प्रश्नाला एक जोड. पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दीड वर्ष बऱ्याच मुलींची वेळ सुधारत नाही, कधी मागेही जाते. कंबर रुंदावते, वजन वाढतं, धावण्याची ढब बदलते. हे वाढीचं आहे, आळसाचं नाही. नेमक्या याच काळात "जाड झालीस" असं ऐकून मुली जेवण तोडतात. गटासमोर वजन करणं पूर्ण बंद करा. हा काळ ताकदीच्या व्यायामांना द्या, उठाबशा, एका पायावर तोल, पोटरी उचलणं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी वेळ परत धरते.

आणि रक्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे पांडुरोग. पण धावपटूत त्याच्या आधीच लोहाचा साठा संपतो, तो फेरिटिनच्या रक्ततपासणीत कळतो. १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली साठा संपला असं धरतात, आणि क्रीडावैद्य ३०-३५ च्या खाली गेलं की लक्ष घालतात. तापात किंवा कठीण सरावाच्या दुसऱ्या दिवशी तपासू नका, आकडा खोटा वर दिसतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून फेकली जाते. ती जेवणानंतर द्या, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि पुढचा-मागचा तासभर चहा नाही. डॉक्टरांनी वेगळी लोहाची गोळी दिली असेल तर सराव झाल्यावर अर्ध्या तासात घेणं चांगलं. श्रमानंतर तीन ते सहा तासांनी यकृतातलं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि लोह आत शिरू देत नाही. गुळाने लोह भरून निघतं हा समज सोडा. हाळीव, तीळ, कडधान्यं, पालेभाज्या, आणि खात असाल तर अंडी, मटण. नाचणी हाडांसाठी घ्या, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम.

---

चैत्रपालवी

पाळीबद्दल पुरुष प्रशिक्षकाने विचारायचं कसं, आणि मुलीने सांगायचं कसं? गावात हा सगळ्यांत मोठा अडसर आहे.

---

वैद्यबाई

थेट विचारायची गरज पडू नये अशी सोय करता येते. प्रत्येक मुलीची सरावाची वही असते. त्यात झोप किती, थकवा १ ते १० मध्ये किती, कुठे दुखतं, या रकान्यांसोबत कोपऱ्यात ठिपक्याचा एक रकाना ठेवा. ज्या दिवशी पाळी आली तिथे ठिपका. महिन्यातून एकदा वही शाळेतल्या बाईंनी किंवा आशाताईंनी बघायची. सलग तीन महिने ठिपका नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही एकदाही नाही, तर डॉक्टर. सरांना फक्त "हिचा भार कमी करा" एवढंच कळवायचं.

दुसरं, टेकडीवर शौचालय नसतं म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, उन्हात भोवळ. सराव शाळेच्या आवारातून सुरू आणि तिथेच शेवट, आणि शौचालयाची किल्ली गटातल्या मोठ्या मुलीकडे. यावर खर्च शून्य आहे.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. आलेल्या माहितीवरून तालुक्याच्या गटासाठी असं ठरवतोय, काही चुकत असेल तर सांगा.

डिसेंबर ते मे टेकडीची जुनी, मुरलेली वाट. चढ लेव्हल पाईपने मोजून ६ टक्क्यांचा पट्टा ठरवायचा, वर जाताना धावायचं, खाली येताना मागच्या बाजूच्या बैलगाडीच्या वाटेने चालत. जून ते नोव्हेंबर टेकडी बंद, चढाचा सराव गावाच्या डांबरी चढावर, सकाळी वाहनं सुरू होण्याआधी, एका ओळीत, उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. पट्ट्याच्या खुणा चुन्याऐवजी कापडी पट्ट्या, झाडाच्या फांदीला बांधून त्याच दिवशी सोडायच्या. वह्या पुढच्या आठवड्यापासून. आडबांध मेमध्ये, पहिल्या वळवाच्या आधी. ग्रामसभेचा अर्ज माणदेशींच्या सल्ल्याप्रमाणे.

---

कुसळी

ठीक आहे. दोन बदल सुचवतो. आडबांध मेमध्ये घालताना जमीन कडक असते आणि दगड नीट बसत नाहीत. फेब्रुवारीत आखणी करून ठेवा आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर, माती ओली असताना, दगडाचा एक-तृतीयांश भाग जमिनीत जाईल असे बसवा. नाहीतर पहिल्याच पुरात ते गडगडत खाली जातात. आणि जूनचा पहिला आठवडा न बघता पाऊस बघा. पाऊस लांबला तरी वळवाने रुजवा सुरू झाला असेल तर टेकडी तेव्हापासूनच बंद.

---

माणदेशी

अर्जासोबत गाव नकाशाची प्रत जोडा, गट क्रमांक लाल शाईने दाखवून. तोंडी ठराव इतिवृत्तात येत नाही. ठरावाची नक्कल ग्रामसेवकांकडून त्याच आठवड्यात घ्या.

---

पायवाट

दोन्ही नोंदवलं. शिट्टी सर, एक शंका. काल लेव्हल पाईप लावली तर एकाच १० मीटरच्या टप्प्याला दोनदा वेगळे आकडे आले, ५२ आणि ६७ सेंटिमीटर.

---

शिट्टी

पाईपात हवेचे बुडबुडे आहेत. एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या आणि सलग वाहू द्या. मग दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी एक येते का ते आधी बघा. ती एक आली की मगच चढावर जा. ऊन चढण्याआधी, सकाळीच मोजा.